चित्रकलेत नापास!

एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे निकाल लागले, की घराघरांत एक प्रसंग हमखास घडतो. 'सी' ग्रेड घेऊन आलेले पोर कोपऱ्यात बसते आणि आई समजूत घालते, "असू दे रे, चित्रकलेवर थोडेच पोट भरायचे आहे!" पण पोराला वाईट वाटलेले असते ते ग्रेडचे नव्हे. 'तुला चित्र काढता येत नाही' असे कुणीतरी कागदावर लिहून दिले, याचे.

असाच कागद १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका तिशी ओलांडलेल्या गृहस्थाच्या हाती पडला. त्याचे नाव बार्नेट न्यूमन. जन्म १९०५ चा, आई-वडील पोलंडहून आलेले ज्यू. वडिलांचा कपड्यांचा धंदा चांगला चालला होता. पण १९२९ च्या मंदीने तो बसला आणि कलेचे शिक्षण घेतलेल्या या मुलाला अनेक वर्षे धंदा सावरण्यात घालवावी लागली. जोडीला तो शाळांमध्ये चित्रकलेचा बदली शिक्षक म्हणून काम करी. कायम व्हायचे तर परीक्षा देणे भाग होते. त्या परीक्षेत तो नापास झाला. शिकवायला चालतो, पण चित्र काढता येत नाही, असा हा अजब न्याय! न्यूमन गप्प बसला नाही. आपल्यासारख्याच नापासांना गोळा करून त्याने चक्क प्रदर्शन भरवले. 'आम्हाला चित्र काढता येते का? परीक्षा मंडळ म्हणते, नाही!' अशा अर्थाचे त्याचे नाव होते.

गोष्ट इथे संपली असती, तर ती एका जिद्दी माणसाची गोष्ट झाली असती. पण यानंतर न्यूमनने जे केले ते अधिक अवघड होते. १९४० च्या सुमारास त्याने चित्र काढणेच थांबवले. जगात महायुद्ध पेटलेले; अशा वेळी फुलदाण्या आणि पहुडलेल्या स्त्रिया रंगवत कसे बसायचे, हा प्रश्न त्याला छळू लागला. या काळात तो वनस्पतिशास्त्र, भूगर्भशास्त्र आणि पक्षिशास्त्र शिकला, लेख लिहिले. तोवर काढलेली जवळजवळ सगळी चित्रे मात्र त्याने नष्ट करून टाकली. परीक्षकांनी त्याला एकदा नापास केले होते. त्याने स्वतःला त्याहून कडक मार्क दिले.

म्हणूनच १९४४-४५ मधली त्याची कागदावरची चित्रे इतकी मोलाची. मागचे काही उरलेच नाही; आपल्यासाठी न्यूमन सुरू होतो तो इथून, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. साधने काय, तर बहुतांशी रंगीत खडू! आधी काही न ठरवता हात कागदावर फिरू द्यायचा आणि काय उमटते ते पाहायचे, अशी ही पद्धत. त्यात ओळखीची वस्तू सापडत नाही; पण बी फुटल्यासारखे, कोंब वर आल्यासारखे, किडा वळवळल्यासारखे काहीतरी सतत जाणवत राहते. वनस्पतिशास्त्राचा अभ्यास वाया गेला नव्हता.

१९४६ च्या सुमारास खडूंच्या जागी कुंचला आणि काळी शाई आली. कागदावर काळेभोर पसरायचे आणि काही जागा कोरी सोडायची. त्या कोऱ्या जागेतून उजेड आत शिरल्याचा भास होतो. काय काढायचे यापेक्षा काय सोडायचे, हे न्यूमन या कागदांवर शिकत होता.

मग आला २९ जानेवारी १९४८, त्याचा त्रेचाळिसावा वाढदिवस. जेमतेम सत्तर सेंटिमीटर उंचीचा कॅनव्हास. त्यावर गडद तांबडा रंग, मधोमध उभी चिकटपट्टी. ती काढण्यापूर्वी त्याने तिच्यावर उजळ तांबडा रंग सहज लावून पाहिला आणि हात थांबला. सुमारे आठ महिने तो त्या चित्रासमोर विचार करत राहिला. 'वनमेंट वन' ते हेच. या उभ्या पट्टीला तो पुढे 'झिप' म्हणू लागला आणि रंगाच्या विस्तीर्ण पटांच्या, 'कलर फील्ड' चित्रकलेच्या प्रमुख चित्रकारांत त्याची गणना होऊ लागली.

"एवढे तर आमचा बंड्याही काढेल," असे म्हणायचा मोह आपल्याला होतो. काढेलही. पण बंड्या पुढच्या मिनिटाला खेळायला पळेल. आठ महिने थांबणार नाही.

त्या काळचे जाणकारही असेच म्हणाले. १९५० आणि १९५१ च्या त्याच्या प्रदर्शनांची उपेक्षाच झाली. घर चालत होते ते पत्नी ॲनाली हिच्या शिक्षिकेच्या पगारावर. नवऱ्याला कुणी चित्रकार मानत नसताना ती रोज शाळेत जात राहिली. १९६६ मध्ये गुगेनहाइम संग्रहालयात त्याच्या चौदा चित्रांची मालिका लागली, तेव्हा तो एकसष्ट वर्षांचा होता. चारच वर्षांनी तो गेला. पुढे २०१३ मध्ये त्याचे एक चित्र लिलावात चार कोटी अडतीस लाख डॉलर्सना विकले गेले. 'वनमेंट वन' मात्र ॲनालीने १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाला देऊन टाकले होते.

आपल्यासाठी एक योगायोग. त्याच गुगेनहाइममध्ये २०१४ साली नागपूरला जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. थोडे काढणारा, पुष्कळ थांबणारा हाही चित्रकार.

तेव्हा घरातले पोर 'सी' ग्रेड घेऊन आले, तर त्याला न्यूमनची गोष्ट सांगावी. पुढे कोट्यवधी मिळतात म्हणून नव्हे. तसे फार थोड्यांचे होते. सांगावे ते एवढ्यासाठी, की परीक्षेचा कागद हा शेवटचा कागद नसतो. त्यानंतरही एक कोरा कागद आणि खडूंची पेटी घेऊन बसता येते, अगदी एकोणचाळिसाव्या वर्षीसुद्धा.