नीटच्या वर्षात नाटक?

‘नीटचं वर्ष आहे, नाटक-बिटक बंद!’ सोलापुरात बारावीच्या घराघरात हे ऐकू येतं. ७२० मार्कांत एकांकिकेला शून्य, हेही खरंच. पण आपल्याच सोलापुरात शिकलेले डॉ. जब्बार पटेल आठवा. शाळेत लागलेला नाटकाचा नाद पुण्याच्या बी. जे. मेडिकलमध्येही सुटला नाही. बालरोगतज्ज्ञ झाले, दौंडला दवाखाना थाटला आणि तालमींसाठी पुण्याला ये-जा करत राहिले. १९७२ साली त्यांनी ‘घाशीराम कोतवाल’ बसवलं; त्यातले नाना म्हणजे बी. जे.चेच मोहन आगाशे! अर्थात, तेव्हा नीट नव्हती, टेस्ट सिरीजही नव्हती. त्यामुळे यंदा मोठा रोल नको, कबूल. पण रविवारची मॉक टेस्ट झाल्यावर तासभर बॅकस्टेज? तेवढं तरी घरी मागून बघा.