‘ब्लॅक मास’ कुठे सैल पडतो?

2015 सालच्या ‘ब्लॅक मास’मध्ये एकाही नटाच्या कामात खोट काढता येत नाही. तरीही तासाभरात लक्ष पडद्यावरून ढळू लागतं. असं का होतं, हे पटकथेचे सांधे उकलून पाहिलं की कळतं.

गोष्ट खरी घडलेली. दक्षिण बॉस्टनचा गुंड जेम्स ‘व्हायटी’ बल्जर आणि एफबीआयचा अधिकारी जॉन कॉनली एकाच वस्तीत वाढलेले. बल्जरने इटालियन माफियाच्या खबरी द्यायच्या आणि कॉनलीने त्याच्या धंद्याकडे काणाडोळा करायचा, असा सौदा 1970च्या दशकात झाला. त्याच्या आडोशाला बल्जर माणसं मारत राहिला. त्याचा सख्खा भाऊ बिली पुढे राज्याच्या सिनेटचा अध्यक्ष झाला. पटकथाकाराला याहून काय हवं?

पण दिग्दर्शक स्कॉट कूपर सुरुवातच जबानीने करतो. बल्जरचा साथीदार केविन वीक्स तपास अधिकाऱ्यांपुढे बोलायला बसतो. पुढे इतरही बसतात. टोळी फुटली आणि कोण फुटलं, हे आपल्याला आधीच कळतं. ‘पुढे काय’ संपतं, उरतं ‘कसं’. तेवढ्यावरही चित्रपट उभा राहतो, मात्र कुणीतरी आतून बदलत असावं लागतं. जॉनी डेपचा बल्जर सुरुवातीला जितका थंड, तितकाच शेवटी. स्वतःच्या लहान मुलाचा मृत्यू त्याला हादरवतो खरा, पण निर्दय तो आधीपासूनच आहे. आणि मुलाची आई त्यानंतर कथेतून नाहीशीच होते. मग खुनांचा साचा ठरून जातो. बल्जर गोड बोलू लागला, की समोरच्याचं काय होणार ते आपण ओळखतो.

या चित्रपटातला सर्वांत जिवंत प्रसंग कॉनलीच्या घरच्या जेवणाचा आहे, आणि त्यात खून नाही. एफबीआयचाच जॉन मॉरिस मांस भाजतोय. बल्जर मसाल्याची कृती विचारतो. घरचं गुपित आहे म्हणत मॉरिस ती क्षणात सांगून टाकतो. इतक्या सहज गुपित फोडलंस? बल्जरचा आवाज बदलतो, टेबल गोठतं, मग तो हसतो. थोड्या वेळाने तो वर जाऊन कॉनलीच्या बायकोच्या चेहऱ्यावरून, गळ्यावरून हात फिरवतो. इथे आपण श्वास रोखतो, कारण या घराला गमावण्यासारखं काहीतरी आहे. बल्जरला तसं काही उरलेलंच नाही.

खरी घसरण कॉनलीची आहे. त्याचे कपडे बदलतात, चाल बदलते, बायकोला ते दिसतं, त्याला दिसत नाही. जोएल एजर्टनने हे फार बारकाईने केलंय. पण गोष्ट त्याची असताना कॅमेरा पुन्हापुन्हा डेपच्या निळ्या डोळ्यांकडे धावतो. मार्टिन स्कोर्सेसीच्या ‘द डिपार्टेड’मधला (2006) कॉस्टेलोही काही अंशी बल्जरवरच बेतलेला, आणि तोही बदलत नाही. तिथे मात्र गोष्ट एकमेकांच्या गोटात लपलेल्या दोन तरुणांची आहे. कोण आधी उघडा पडेल, ही धास्ती प्रत्येक दृश्यात मुरते. कॉस्टेलो साकारणाऱ्या निकोल्सनला नुसतं भीतिदायक राहण्याची मोकळीक मिळते ती त्यामुळेच. डेपला ती मिळाली नाही. अख्खा चित्रपट त्याच्या एकट्याच्या खांद्यावर टाकला गेला. आणि कॉनलीला झालेली 40 वर्षांची शिक्षा? ती अखेरच्या पाटीवर दोन ओळींत उरकली आहे.