वारं गेल्यावर उशाशी कोण?

आमच्या मुरुड-श्रीवर्धनच्या पट्ट्यात कुणाचा हात लुळा पडला, जीभ जड झाली, की लोक म्हणतात, 'वारं गेलं.' शब्द जुना आहे, पण त्याने आमचं नुकसानही केलं आहे. वाऱ्यापुढे माणसाचं काय चालणार, असं आपण धरून बसतो. खरं तर त्या वेळी मेंदूचा रक्तपुरवठा अडलेला असतो. कधी रक्तवाहिनीत गुठळी अडकते, कधी रक्तवाहिनी फुटते. त्या क्षणापासून घड्याळ सुरू होतं.

हे मला उशिरा कळलं. २०१६ च्या पावसाळ्यातली गोष्ट. माझे मोठे भाऊ पहाटेची नमाज पढून आले आणि ओट्यावर बसले ते बसलेच. तोंड एका बाजूला वाकडं, उजवा हात लोंबलेला. आम्ही काय केलं? साखरपाणी पाजलं. त्यांना ठसका लागला. थोडं पडू दे, बरं वाटेल, असं म्हणालो. दुपारी गाडी शोधली. पावसाळ्यात मांडवा-गेटवे लाँचा बंद, त्यामुळे रस्त्याने मुंबईला पोचेपर्यंत रात्र झाली. डॉक्टर म्हणाले, गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री पटल्यावर. ते साडेचार तास आम्ही ओट्यावरच घालवले होते.

वॉर्डातल्या रात्रपाळीच्या सिस्टरने मला पहिला प्रश्न विचारला, "काका, यांना घरी काही पाजलंत का?" मी साखरपाण्याचं सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "मेंदूला इजा झाली की गिळण्याचे स्नायूही दुबळे होतात. पाणी अन्ननलिकेऐवजी फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. म्हणून गिळणं तपासल्याशिवाय आम्ही थेंबसुद्धा देत नाही." दुसऱ्या दिवशी भावाला ताप आला, तेव्हा तिच्या बोलण्याचा अर्थ मला कळला.

त्या रात्री ती पुन्हा पुन्हा येऊन भावाला हाक मारी, डोळे उघडायला सांगे, हात उचलायला लावी, डोळ्यांत बॅटरी धरी. मला वाटलं, बिचाऱ्याला झोपू का देत नाही? तिने कागद दाखवला. त्यावर आकडे होते. ग्लासगो शहरातल्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी १९७४ मध्ये ही पद्धत मांडली. डोळे उघडण्याला जास्तीत जास्त ४ गुण, बोलण्याला ५, हालचालीला ६. पूर्ण शुद्धीतल्या माणसाचे १५ आणि सर्वांत कमी ३. आठ किंवा त्याहून कमी झाले की रुग्ण खोल बेशुद्धीत आहे, श्वासमार्ग सांभाळायला हवा, असं समजतात. गुण दोनाने जरी घसरले, किंवा एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी झाली, तरी कवटीतला दाब वाढत असल्याची शंका घ्यायची आणि डॉक्टरांना ताबडतोब बोलवायचं.

पहाटे तीनला तसंच झालं. गुण घसरले, तिने डॉक्टरांना उठवलं, पुन्हा स्कॅन झालं. मेंदूची सूज वाढली होती. उपचार वेळेवर बदलले. डॉक्टर दिवसातून दोनदा येतात. मधले सगळे तास सिस्टरचे असतात. ती काय पाहते आणि पाहिलेलं तिला समजतं का, यावर पुष्कळ काही ठरतं.

पुढे भाऊ शुद्धीवर आले, पण त्यांचे शब्द गेले होते. 'पाणी' म्हणायला जात आणि 'होडी' म्हणत. मी शब्दांवर जगणारा माणूस, मला ते बघवेना. मी मोठ्याने, पुन्हा पुन्हा विचारू लागलो. सिस्टर म्हणाली, "काका, त्यांना ऐकू येतं. शब्द सापडत नाही, एवढंच. हो-नाही अशी उत्तरं येतील असं विचारा आणि थांबा." थांबायला मला तिने शिकवलं.

मी विचारलं, "हे सगळं कुठे शिकलीस?" ती म्हणाली, "जीएनएमनंतर एक वर्ष जास्त शिकले."

त्या एका वर्षाबद्दल आज मुद्दाम सांगायचं आहे. जीएनएम तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा. यांपैकी काहीही करून परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाली आणि वर्षभर रुग्णालयात काम केलं, की भारतीय परिचर्या परिषदेच्या अभ्यासक्रमानुसार मेंदू व मज्जासंस्थेच्या परिचर्येचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा करता येतो. त्यातला बराचसा काळ वॉर्डात, अतिदक्षता विभागात, रुग्णाजवळच जातो. बंगळुरूची निमहान्स आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था या क्षेत्रातली मोठी नावं आहेत. आणखी पुढे जायचं तर जीएनएम झालेल्यांना दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी आणि त्यावर दोन वर्षांचं एमएस्सी आहे. तिथे मेडिकल-सर्जिकल नर्सिंगमध्ये मज्जासंस्था हा खास विषय घेता येतो. संस्थेला परिषदेची मान्यता आहे ना, हे पैसे भरण्याआधी तपासावं.

कुणी म्हणेल, सेवेला पदवी कशाला, माया हवी. माया हवीच. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच हल्ला झाला. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही आणि त्या पुन्हा पूर्ण शुद्धीवर आल्या नाहीत. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला काही दिवसांत पाठीवर जखमा होऊ शकतात. पण इतक्या वर्षांत त्यांना एकही तशी जखम झाली नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ च्या निकालात घेतली. नुसत्या मायेने हे होत नाही. दर दोन तासांनी कूस बदलणं, त्वचा कोरडी ठेवणं, सांधे हलवणं, जपून भरवणं, हे शास्त्र आहे. ते मायेने पाळलं, म्हणून ४२ वर्षं टिकलं.

आता घरातली गोष्ट. माझी भाची जीएनएम झाली, पनवेलला नोकरी करते. तिला बंगळुरूला जायचं आहे. बहीण म्हणते, "शिकली, नोकरी लागली, आता लग्नाचं बघायचं. परक्या मुलखात आणखी एक वर्ष कशाला?" आमच्या गावांतली मुलं मस्कतला, कुवेतला वर्षानुवर्षं जातात, तेव्हा कुणी हा प्रश्न विचारत नाही. मुलीने एक वर्ष मागितलं की सगळ्यांना लांबचं अंतर दिसतं. धर्माचं कारण पुढे करणाऱ्यांना मी रुफैदा अल-अस्लमिया यांची आठवण देतो. पैगंबरसाहेबांच्या काळात मदिनेत त्यांनी जखमींसाठी तंबू उभारला, असं परंपरा सांगते.

अलिबागला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे. पण इमारत आणि यंत्रं उभी राहिली तरी रात्री तीन वाजता बाहुली मोठी झालेली ओळखणारी नजर कुणाची तरी लागतेच. ती आमच्याच किनाऱ्यावरच्या मुलींची, आणि मुलांचीही, का नसावी?

तोवर घरोघरी एवढं लक्षात ठेवा. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर काहीही पाजू नका. त्रास किती वाजता सुरू झाला ते लिहून घ्या, १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या.

येत्या जुम्म्याला मी बहिणीकडे जाणार आहे. भाऊही येणार म्हणतात. काठी टेकत चालतात, शब्द थोडेच परत आलेत. बोलायचं काम माझ्याकडे आहे. ते नुसते समोर बसणार आहेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)