उलट संदेशांची छाननी आणि जळीत ऊस



गेल्या गळीत हंगामातली गोष्ट. पाळी आलेल्या सभासदांना शेतकी खात्याने मोबाईलवर संदेश पाठवला : "आपल्या प्लॉटची तोड दोन दिवसांत. तयारी कळवा." एका सभासदाचे उत्तर आले : "हो. बांधाकडचा ऊस रात्री पेटला, टोळी लवकर पाठवा." कॉम्प्युटरने ते होकाराच्या गठ्ठ्यात टाकले. दुसऱ्या दिवशी दुपारी चिटबॉय दुसऱ्याच कामाला तिकडे गेला, तेव्हा कळले. तोवर उसाचे वजन आणि रसातली साखर, दोन्ही घटली. त्या सभासदाने गट ऑफिसात मला जे ऐकवले ते इथे छापण्याजोगे नाही. पण त्यात खोटे काही नव्हते.

असे का झाले? उत्तरे हाताने निवडायला माणूसबळ पुरत नाही, म्हणून ही छाननी मशिनवर टाकली. आधी जुनी उत्तरे आम्हीच वाचून गठ्ठे केले : होकार, पुढे ढकला, तक्रार, जळीत, इतर. कोणत्या गठ्ठ्यात कोणता शब्द किती वेळा येतो हे मशिन मोजते, आणि नवे उत्तर कुठे बसण्याचा संभव जास्त ते ठरवते. यामागचे गणित थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाचे. त्याच्या मरणानंतर १७६३ साली ते प्रसिद्ध झाले. आमच्या जळीताच्या गठ्ठ्यात सगळीकडे "जळाला", "जळीत" हेच शब्द होते. "पेटला" एकदाही नव्हता. तेव्हा चूक मशिनची कमी, नमुने निवडणाऱ्याची जास्त, म्हणजे माझी.

दुसरी अडचण शब्दांच्या क्रमाची. "टोळी आहे, वाहन नाही" आणि "वाहन आहे, टोळी नाही" यांत शब्द तेच, म्हणून नुसते मोजणाऱ्या मशिनला दोन्ही सारखीच. क्रम पाहणाऱ्या नव्या पद्धती आहेत. आपली साधी आहे. शिवाय इंग्रजी अक्षरांत "तोडणी" लिहिताना कुणी मधे 'ए' घालतो, कुणी घालत नाही. मशिनला ते दोन निराळे शब्द.

आता दोन बदल केले आहेत. मशिनची खात्री कमी पडेल ते उत्तर शेतकी खात्यातला कारकून स्वतः वाचतो. आणि जळीताची नुसती शंका आली तरी ते उत्तर जळीतातच जाते. होकार चुकून तिथे गेला तर चिटबॉयची एक फेरी फुकट जाते, एवढेच. उलटी चूक झाली तर काय होते ते वर सांगितलेच आहे. फेऱ्या वाढल्या म्हणून चिटबॉय कुरकुरतात, ती मी ऐकून घेतो.

सभासदांनी एवढे करावे. एका उत्तरात एकच गोष्ट लिहावी, आधी गट नंबर. मराठी अक्षरांत एका संदेशात ७० खुणा मावतात आणि काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. "तोडणी" म्हणजे पाच. इंग्रजीत १६० मावतात. त्यापुढे संदेशाचे तुकडे होतात आणि पैसेही त्या हिशेबाने पडतात.

ऊस पेटला असेल तर संदेश टाकाच, पण त्यावर विसंबून न राहता गट ऑफिसला फोन करा, रात्र असली तरी.