आमरीचे नवे बिऱ्हाड

फुले गळाली की पुष्कळ घरांतून फॅलेनॉप्सिस आमरीची कुंडी बदलण्याची टूम निघते, आणि कोणीतरी मायेने तिला बागेतल्या मातीत दाबून लावतो. झाड कुजते ते या मायेनेच. वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लूम याने १८२५ साली पतंगाच्या रूपावरून जिला हे नाव दिले, ती आग्नेय आशियातल्या अरण्यांत झाडाच्या खोडावर राहणारी. आपल्या सह्याद्रीतल्या सीतेच्या वेणीची भावकीच म्हणा ना! दोघींनाही लोक बांडगूळ समजतात, हा निव्वळ अन्याय. त्या झाडाचा आसरा घेतात, अन्न नव्हे.

कुंडीतल्या सालीचा कुजून भुगा झाला, म्हणजे साधारण दोन वर्षांनी, बहर सरल्यावर बिऱ्हाड हलवावे. मुळ्या आधी भिजवाव्यात, म्हणजे मोडत नाहीत. टणक मुळी रुपेरी असो वा हिरवी, ती ठेवावी. मऊ, पोकळ, तपकिरी मुळी स्वच्छ कात्रीने कापावी. भोके असलेली, किंचितच मोठी कुंडी घेऊन सालीच्या नि कोळशाच्या तुकड्यांत झाड बसवावे. बाहेर लोंबणाऱ्या मुळ्या आत कोंबण्याचा हट्ट कशाला? दोन-तीन दिवस पाणी घालू नये. कापलेली जखम सुकू द्यावी. पुढेही पाणी सकाळीच द्यावे, आणि पानांच्या मध्यावर थेंब साचला तर कापडाने टिपून घ्यावा.