रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी

परीक्षा संपल्या, की कपाट रिकामं करायची घाई आपल्यालाच होते. मुलं म्हणतात, "आई, ही आता नकोत," आणि आपण दारावरच्या रद्दीवाल्याला थांबवतो. मागच्या उन्हाळ्यात मीही तेच केलं. थोरलीची बी. कॉम.ची पुस्तकं वर्तमानपत्रांबरोबर तराजूत घातली. पंधरा दिवसांनी शेजारच्या वहिनी आल्या. "ताई, अकाउंटन्सीचं पुस्तक असेल का हो? नवं घ्यायचं म्हणजे फार महाग पडतंय." मी काय सांगणार! त्यांच्या लेकीने वर्षभर मैत्रिणीच्या पुस्तकावर अभ्यास काढला.

आपल्या जालन्यात मोंढ्यावर तुरीचं पोतं नेणारा माणूस आज भाव काय फुटला, हे विचारल्याशिवाय राहत नाही. पुस्तकांचं पोतं मात्र आपण न विचारताच सोडतो.

जुन्या पुस्तकाचा भाव छापील किमतीवर ठरत नाही. पुढच्या वर्षी ते कुणाला लागणार का, यावर ठरतो. म्हणून आधी अभ्यासक्रम पाहा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीचे अभ्यासक्रम बदलत गेले आहेत. आपल्या कॉलेजांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा चालू अभ्यासक्रम मुलांकडून मोबाइलवर काढून घ्या, किंवा कॉलेजच्या ग्रंथपालांना विचारा. मग पुस्तकाच्या आतल्या पानावरची आवृत्ती आणि वर्ष ताडून पाहा.

कायदा बदलला, की पुस्तक एका दिवसात जुनं होतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि विक्रीकराची पुस्तकं मागे पडली. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तेव्हा वकिलीच्या मुलांचंही तसंच झालं. गणित, पदार्थविज्ञान, शब्दकोश यांना मात्र जास्त आयुष्य असतं. सोडवलेली गाइडं लवकर शिळी होतात.

आता भाव कसा काढायचा? एका दुकानात गिऱ्हाईक म्हणून विचारा, "हे जुनं कितीला द्याल?" दुसऱ्या दुकानात विचारा, "हे कितीला घ्याल?" समजा, पहिला म्हणाला दोनशे आणि दुसरा म्हणाला शंभर. मग थेट विद्यार्थ्याला दीडशेला द्या. तुम्हाला पन्नास जास्त मिळतात आणि त्याचे पन्नास वाचतात. दोन्ही घरं खूश!

चार पुस्तकांसाठी संभाजीनगर गाठू नका. एसटीत आपल्याला अर्धं तिकीट असलं, तरी जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर होतात. कुणी कामाला निघालंच असेल, तर औरंगपुऱ्यात भाव विचारून यायला सांगा.

विकायची वेळ म्हणजे निकाल आणि प्रवेश यांच्या मधले दिवस. दिवाळीनंतर कोण घेणार? पेनाच्या रेघा आणि फाटकी पानं भाव पाडतात, म्हणून मुलांना वर्षाच्या सुरुवातीलाच पेन्सिल वापरायला सांगा आणि कव्हरं घाला. जे विकलं जाणार नाही, पण अभ्यासक्रमात आहे, ते कॉलेजच्या ग्रंथालयाला हवं का, हे विचारून पाहा. उरेल तेच रद्दीत.

यंदा धाकटीची पुस्तकं निघाली आहेत. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर मी पेन्सिलीने भाव लिहून ठेवलाय. पहिली हाक मात्र रद्दीवाल्याला नाही, शेजारच्या वहिनींना मारली.