‘प्रवेश दिला’ म्हणजे काय?

एखाद्या गृहस्थाने आपली रक्कम विश्वासाने पेढीवर ठेवावी, वर्षानुवर्षे ती त्यास मिळू नये, अखेर न्यायाधीशाच्या हुकुमाने पेढीवाल्याने ती परत करावी, आणि दुसऱ्या दिवशी गावभर बोभाटा व्हावा की शेटजींनी अमक्यास मोठे दान केले! असे घडले तर आमचे व्यापारी वाचक त्यास काय म्हणतील? हे दान नव्हे, देणे होते. आणि तेही थकलेले, एवढे सांगण्यास कोणाही मुनिमास क्षणभर लागणार नाही. परंतु हाच प्रकार स्त्रियांच्या हक्कासंबंधी घडला तेव्हा आमच्या वृत्तपत्रांस आणि चित्रवाणीस ही साधी जमाखर्चाची गोष्ट उमगली नाही. २०१६ च्या एप्रिल महिन्यात शनिशिंगणापूरचा चौथरा आणि आमच्या त्र्यंबकेश्वराचा गाभारा यांच्या बातम्या जिकडेतिकडे झळकल्या. त्यांत वारंवार आढळणारा शब्दप्रयोग एकच: स्त्रियांना ‘प्रवेश दिला’, देवस्थानाने ‘परवानगी दिली’. कोणी दिला? आणि मुळात तो कोणाचा होता?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास नाशिककरांनी दूर जाण्याचे कारण नाही. पंचवटीपर्यंत गेले म्हणजे पुरे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारखे नाशिक जिल्ह्यातील कार्यकर्ते त्यात अग्रभागी होते, आणि सत्याग्रहींत पुरुषांबरोबर स्त्रियाही होत्या. मंदिराची दारे बंद करण्यात आली, रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली, लढा सुमारे पाच वर्षे चालला. पण दार उघडले नाही. या जिल्ह्यातल्याच येवल्यास १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, ती कोणत्या अनुभवानंतर केली हे नाशिकने विसरू नये.

जे दार सत्याग्रहाने उघडले नाही, त्यासाठी पुढे कायदा करावा लागला. १९४७ मध्ये मुंबई प्रांताने हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा कायदा केला, आणि १९५६ मध्ये हिंदूंच्या सार्वजनिक उपासनास्थानांतील प्रवेशासंबंधीचा अधिक व्यापक कायदा मुंबई राज्यात झाला. या दुसऱ्या कायद्याचा आशय सामान्य वाचकास कळेल असा आहे. जे उपासनास्थान हिंदूंस किंवा हिंदूंच्या कोणत्याही वर्गास खुले आहे, तेथे कोणत्याही वर्गाच्या हिंदूस प्रवेशास वा पूजेस अडविता येणार नाही. रूढी, जुना दस्तऐवज किंवा न्यायालयाचा पूर्वीचा हुकूमनामा काहीही म्हणो. जो अडवील तो सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेस पात्र होईल. स्त्री हा हिंदू समाजाचा वर्ग नव्हे असे म्हणण्याची छाती कोणाची आहे? म्हणजे ज्या कायद्याची बीजे पंचवटीच्या दारात दलितांनी दगड झेलून पेरली, त्याची सावली त्यांच्याबरोबर सवर्ण स्त्रियांनाही मिळाली. हे ऋण सवर्ण कुटुंबांनी एकदा तरी मोकळ्या मनाने मान्य करावे.

परंतु कायदा होऊन साठ वर्षे लोटली तरी तो शिंगणापुरास पोहोचला नाही आणि त्र्यंबकासही पोहोचला नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक स्त्री शनीच्या चौथऱ्यावर चढली तेव्हा चौथऱ्याचे शुद्धीकरण करण्यात आले. त्यानंतर विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. त्यांनी नवा हक्क मागितला नव्हता. असलेला कायदा पाळला जावा, एवढेच त्यांचे मागणे होते. १ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने निर्णय दिला: मंदिरात जाणे हा स्त्रियांचा मूलभूत हक्क आहे आणि त्याचे रक्षण करणे हे सरकारचे कर्तव्य आहे. स्त्रियांविषयी भेदभाव करणे आपणास मान्य नाही असे सरकारनेही तेथे सांगितले. उत्तम झाले! पण मग या साठ वर्षांत सर्व रंगांची सरकारे येऊन गेली, त्यांतील एकासही हा कायदा आपण होऊन बजावावा असे का वाटले नाही? जो हक्क बजावल्याने मते मिळत नाहीत, किंबहुना काही मते जाण्याची भीती असते, तो दप्तरात सुरक्षित ठेवण्याची कला आमच्या सर्वच पक्षांस साधली आहे.

निर्णयानंतर शिंगणापूरचा चौथरा ८ एप्रिलला, पाडव्याच्या दिवशी, स्त्रियांस खुला झाला. त्र्यंबकेश्वरास मात्र प्रथम अजब तोड निघाली: गाभाऱ्यात पुरुषांनीही जाऊ नये! म्हणजे बहिणीस वाटा द्यावा लागू नये म्हणून भावाने घरच जाळावे, तशातला हा प्रकार. पुढे ठरावीक वेळ आणि ओले सुती किंवा रेशमी वस्त्र अशा अटी घालून स्त्रियांस मुभा देण्यात आली, आणि ज्या स्त्रिया त्या महिन्यात गाभाऱ्यात गेल्या त्यांस पोलिसांच्या बंदोबस्तात जावे लागले.

आता वृत्तपत्रांच्या वर्तनाकडे वळू. कारण स्वतःच्या धंद्याचे दोष झाकून दुसऱ्यांस उपदेश करणे आम्हांस शोभणार नाही. त्या दिवसांत कोणी कोणास अडविले, कोणी कोणती घोषणा दिली, धक्काबुक्की किती झाली, याचे रसभरीत वर्णन वाचकांस भरपूर मिळाले. १९५६ चा कायदा काय म्हणतो आणि अडविणाऱ्यास शिक्षा काय, हे किती वाचकांस कळले? आंदोलन करणाऱ्या स्त्रिया प्रसिद्धीसाठी आल्या आहेत, ही कुजबुज मथळ्यापर्यंत चढली. पण याचिका करणाऱ्या विद्या बाळ या स्वतः ‘मिळून साऱ्याजणी’ या मासिकाच्या संपादिका होत्या, म्हणजे आमच्याच व्यवसायातील एका स्त्रीने आमचे काम न्यायालयात जाऊन केले, याची लाज आम्हां संपादकांस वाटली नाही.

हा रोग आजचा नाही. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर बालहत्येचा खटला झाला. तिला प्रथम फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी करण्यात आली. त्या निमित्ताने ‘पुणे वैभव’ पत्राने एका दुर्दैवी स्त्रीच्या अपराधाचे माप सगळ्या स्त्रीजातीच्या पदरात घातले. त्यास उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक लिहिले. तेव्हा जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. बाकीच्यांनी टीका तरी केली, नाही तर मौन धरले. त्या काळी स्त्रीची निंदा करून पत्रे खपत, आता तिच्याभोवतीची झटापट दाखवून खपतात. तिचा हक्क समजावून सांगण्याचा विषय तेव्हाही मागे पडला आणि आताही पडतो.

काही वाचक म्हणतील की गाभाऱ्यात गेल्याने स्त्रीचे पोट भरते काय? तिला शिक्षण द्या, मिळकत द्या. हा आक्षेप प्रामाणिक असेल तर आम्ही त्याचे स्वागत करतो. परंतु आमचा अनुभव असा की गाभाऱ्याच्या वेळी मिळकतीची आठवण करून देणारे, मिळकतीच्या वाटपाच्या वेळी मुलीपुढे हक्कसोडपत्र सरकवितात. दुसरे म्हणतील की आमच्या घरच्या स्त्रियांनाच आत जाण्याची इच्छा नाही. ठीक आहे; हक्क म्हणजे सक्ती नव्हे. ज्यांना जायचे नाही त्यांनी खुशाल बाहेरून नमस्कार करावा. पण एकीच्या अनिच्छेच्या नावाने दुसरीची वाट अडविण्याचा अधिकार कोणास पोहोचत नाही. आणि हा न्याय केवळ हिंदू देवळापुरता नाही. त्याच वर्षी २६ ऑगस्टला त्याच उच्च न्यायालयाने मुंबईच्या हाजी अली दर्ग्यातील स्त्रियांवरील बंदीही बेकायदेशीर ठरविली.

आमची सूचना अल्प आहे. आम्हां संपादकांनी ‘परवानगी दिली’ हे शब्द अशा बातम्यांतून काढून टाकावे आणि त्यांच्या जागी ‘अडविणे थांबविले’ असे लिहावे; खरे तेच लिहिल्यासारखे होईल. अधिकाऱ्यांनी तक्रारीची वाट न पाहता कायदा बजावावा. आणि गंगेच्या दोन्ही तीरांवर राहणाऱ्या नाशिककरांनी आपल्या लेकीसुनांस एवढे अवश्य सांगावे की हा हक्क कोणा विश्वस्ताच्या औदार्याने आलेला नाही. १९३० साली काळारामाच्या बंद दारापुढे जी माणसे उन्हात बसली, त्यांच्याकडून तो आला आहे. त्यांचे नाव जमेच्या बाजूस लिहिल्याशिवाय हे खाते बंद करता येणार नाही.